गणिताचा अध्यापक ग्रंथपाल का झाला?

मद्रास विद्यापीठाने १९२३ साली ग्रंथपालाचे एक पद निर्माण केले आणि त्यासाठी सुमारे ९०० अर्ज आले. हा आकडा वाचून त्या काळी दक्षिणेत ग्रंथप्रेमाला बहर आला होता, असा समज कोणी करून घेऊ नये. ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण अर्जदारांपैकी एकाकडेही नव्हते. अर्ज आले ते पदाला जोडलेल्या वेतनाकडे पाहून. पदवीधरांची संख्या वाढत होती, त्यांना सामावून घेणाऱ्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हत्या. अशा बाजारपेठेत एक बऱ्या पगाराची जागा निघाली की जे घडते तेच मद्रासेत घडले. ज्यांची निवड झाली ते शियाळी रामामृत रंगनाथन हे प्रेसिडेन्सी कॉलेजातील एकतीस वर्षांचे गणिताचे अध्यापक होते, आणि तेही याच कारणाने अर्जदारांच्या रांगेत उभे राहिले होते.

त्यांच्या जन्मदिनानिमित्त १२ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या व्याख्यानांतून रंगनाथन हे जणू जन्मजात ग्रंथभक्त होते आणि नियतीने त्यांना ग्रंथालयाच्या गाभाऱ्यात आणून बसवले, असे चित्र उभे केले जाते. हे चित्र मोहक असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय ते तरुणांची दिशाभूल करणारे आहे. ज्याला लहानपणापासून पुस्तकांचे वेड असेल त्यानेच या पेशाकडे वळावे, इतरांचे ते काम नव्हे, असा त्याचा अर्थ निघतो. रंगनाथन यांचे चरित्र नेमके याच्या उलट सांगते.

त्यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. वडील ते सहा वर्षांचे असतानाच वारले. गावच्या हिंदू हायस्कुलात शिक्षण झाल्यावर ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले आणि तेथूनच १९१६ साली गणितात एम.ए. झाले. एडवर्ड रॉस हे त्यांचे गणिताचे गुरू. गुरुशिष्यांचा हा स्नेह महाविद्यालयाबरोबर संपला नाही आणि पुढे ग्रंथालयशास्त्रालाही त्याचा लाभ झाला. १९१७ मध्ये अध्यापनाची पदवी मिळवून रंगनाथन यांनी प्रथम मंगळूर, नंतर कोइमतूर आणि अखेर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवले. बोलताना ते अडखळत, तरी वर्गात त्यांचा जीव रमत असे. शिकवणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. न आवडणारी गोष्ट होती ती पगाराची. सरकारी शिक्षण खात्याच्या कनिष्ठ श्रेणीतील अध्यापकाची मिळकत आणि मद्रास शहरातील संसार यांचा मेळ बसत नव्हता. ग्रंथपालाच्या पदाचे वेतन त्याहून बरेच चांगले होते. मित्रांनी आग्रह केला आणि त्यांनी अर्ज टाकला. मुलाखतीच्या आधी काही दिवस एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील ग्रंथालयांवरचा लेख त्यांनी वाचून काढला. ग्रंथपालनाविषयीचे त्यांचे ज्ञान एवढेच. निवड समितीला मात्र संशोधनाचा अनुभव असलेला माणूस हवा होता आणि गणिताच्या इतिहासावरील त्यांचे थोडेसे लेखन या कामी उपयोगी पडले.

जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले आणि आठवडाभरातच कंटाळले. वर्गातील गजबज गेली आणि समोर उरली ती कपाटे. वाचक फारसे येत नसत. जे येत त्यांचा ग्रंथपालाशी संबंध पुस्तक देण्याघेण्यापुरता असे. पगार वाढला होता, पण दिवस जाता जात नव्हता. रंगनाथन यांनी सरळ कॉलेजात जाऊन आपली जुनी जागा परत मागितली. त्यावर जी तडजोड निघाली ती आजच्या प्रशासकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे. विद्यापीठाला त्यांना इंग्लंडला पाठवून ग्रंथपालनाचे शिक्षण द्यायचेच होते. तेव्हा त्यांनी आधी तिकडे जाऊन यावे आणि परत आल्यावरही हे काम नकोसे वाटले तर खुशाल अध्यापनाकडे वळावे, असे ठरले. नव्याने नेमलेला माणूस आठवड्यात पळ काढू पाहतो आणि नेमणारे त्याला दूषणे न देता शिकायला पाठवतात, हे औदार्य विरळाच. सप्टेंबर १९२४ मध्ये रंगनाथन लंडनला निघाले, तेव्हा परतीची वाट त्यांनी मनात धरलेली होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. सेयर्स स्वतः क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. अभ्यासक्रमातील तांत्रिक भाग रंगनाथन यांच्यासारख्या गणितज्ञाला जड जाण्याचे कारण नव्हते आणि निव्वळ त्याने त्यांचे मन पालटले असते असेही नाही. सेयर्स यांच्या सल्ल्याने ते ग्रंथालये पाहत हिंडले. शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. तेथे मजूर संध्याकाळी येऊन वाचत बसत. मुलांसाठी स्वतंत्र दालने होती. वाचक कपाटांमधून मोकळेपणाने फिरत, पुस्तक हातात घेऊन चाळत आणि अडले तर ग्रंथपालाला विचारत. तो ग्रंथपाल किल्ल्या सांभाळणारा नव्हता. या माणसाला कोणते पुस्तक उपयोगी पडेल हे ओळखून ते त्याच्या हाती देणे, हे त्याचे काम होते. हेही शिकवणेच आहे, किंबहुना एका वेळी एकाच विद्यार्थ्याला शिकवणे आहे, ही गोष्ट या गणिताच्या अध्यापकाला तेथे प्रथम प्रत्ययास आली. मद्रासला ज्याचा कंटाळा आला होता तो पेशा नव्हताच, पेशाचा सांगाडा होता.

१९२५ च्या मध्यास ते परतले तेव्हा अध्यापनाकडे जाण्याचा पर्याय त्यांना अद्याप खुला होता. तो त्यांनी वापरला नाही. म्हणजे रंगनाथन यांनी हा व्यवसाय दोनदा निवडला. पहिल्यांदा वेतनासाठी, दुसऱ्यांदा तो काय असू शकतो हे पाहिल्यावर. पहिल्या निवडीबद्दल त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. चांगल्या वेतनाने चांगला माणूस दारापर्यंत येतो, पण आत टिकतो तो कामाचे स्वरूप कळल्यावरच. आपल्याकडे या दोहोंपैकी पहिली गोष्ट तुच्छ मानली जाते आणि दुसरीची कोणी तजवीज करीत नाही.

परत आल्यावर त्यांनी जे केले त्याचा तपशील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. इतर वाचकांसाठी त्यातील तत्त्व तेवढे सांगतो. १९२८ च्या सुमारास त्यांनी या साऱ्या व्यवहारामागील सूत्रे शोधण्याचा प्रयत्न केला. गणितात जशी थोडी गृहीतके घेऊन सारी इमारत उभी करतात तशी येथे करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. पहिले सूत्र सुचवले ते जुने गुरू रॉस यांनी, असे सांगितले जाते. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात, एवढाच त्याचा आशय. त्यातून बाकीची निघाली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. आणि ग्रंथालय हे वाढत जाणारे सजीव आहे हे ध्यानात ठेवूनच त्याची आखणी केली पाहिजे. १९३१ साली या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

सूत्रे वाचताना बाळबोध वाटतात. पण पहिले सूत्र खरे मानले तर काय काय बदलावे लागते ते पाहावे. ग्रंथालय गावाबाहेर निवांत जागी बांधता येत नाही, ते लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर हवे. कार्यालयीन वेळेत उघडून कार्यालयीन वेळेतच बंद करता येत नाही, कारण नोकरी करणारा माणूस त्याच वेळी स्वतःच्या नोकरीवर असतो. कपाटे हात पोहोचेल एवढ्याच उंचीची करावी लागतात. त्यांना कुलूप लावता येत नाही. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात रंगनाथन यांनी वाचकांना कपाटांपर्यंत मुक्त प्रवेश दिला. पुस्तके चोरीला जातील ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हिशेब साधा आहे. वर्षाकाठी गहाळ होणाऱ्या चार पुस्तकांची किंमत एका बाजूला मांडावी, आणि कुलपाआड पडून राहिल्यामुळे कोणीच न वाचलेल्या चार हजार पुस्तकांत गुंतलेले भांडवल दुसऱ्या बाजूला. तरीही कित्येक महाविद्यालयांत दाखलनोंदवहीतील एक पुस्तक कमी भरले तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो, आणि हजार पुस्तके दहा वर्षांत कोणी उघडली नाहीत तर कोणी काही विचारीत नाही.

एका पुस्तकाला त्याचा वाचक भेटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण रंगनाथन यांच्याच तंजावर जिल्ह्यातले आहे. कुंभकोणम येथे शाळेत शिकणाऱ्या रामानुजन यांच्या हाती गणिती प्रमेयांचा कार या लेखकाने केलेला एक संग्रह पडला. तो तेथील सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आलेला होता. परीक्षार्थींसाठी रचलेला तो संग्रह पंडितांच्या लेखी फार मोलाचा नव्हता. त्या मुलाच्या हाती तो पडला आणि पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. रंगनाथन यांनी १९६७ साली रामानुजन यांचे चरित्र लिहिले, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

चौथे सूत्र मला व्यक्तिशः सर्वांत महत्त्वाचे वाटते. वाचकाच्या वेळेला किंमत आहे हे आपल्या कोणत्याही सार्वजनिक व्यवस्थेने कधी मान्य केलेले नाही. रेशनच्या रांगेपासून विद्यापीठाच्या गुणपत्रिकेच्या खिडकीपर्यंत नागरिकाचा वेळ फुकटचा समजला जातो. वैकल्पिक खर्चाची कल्पना आम्ही वर्गात शिकवतो आणि बाहेर येऊन त्याच रांगेत उभे राहतो. पुस्तक शोधण्यात गेलेला अर्धा तास हा वाचकाच्या खिशातून गेलेला खर्च आहे असे मानून सारी यंत्रणा रचणारा हा माणूस, पेशाने अर्थशास्त्रज्ञ नसला तरी वृत्तीने होता.

त्यांची सुप्रसिद्ध वर्गीकरणपद्धती याच विचारातून आली. लंडनमध्ये असताना एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्यातील त्याच त्या पट्ट्या आणि खिळे वेगवेगळ्या प्रकारे जोडून निरनिराळ्या वस्तू तयार होत होत्या. तोवरच्या पद्धतींमध्ये, ड्यूईच्या दशांश पद्धतीतसुद्धा, ज्ञानाचे खण आधीच आखून ठेवलेले असत आणि आलेले पुस्तक कुठल्यातरी एका खणात बसवावे लागे. समजा, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील वऱ्हाडच्या कापूसबाजारावर एक ग्रंथ आला. तो शेतीत ठेवायचा, व्यापारात, की इतिहासात? रंगनाथन यांनी आधी विषयाची अंगे वेगळी काढली. वस्तू कोणती, तिच्यावर क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता. प्रत्येक अंगाला स्वतंत्र चिन्ह द्यायचे आणि ती चिन्हे मेकॅनोच्या पट्ट्यांसारखी जोडून त्या ग्रंथाचा क्रमांक तयार करायचा. जोडणीसाठी त्यांनी विरामचिन्हांतील अपूर्णविराम, म्हणजे कोलन, वापरला म्हणून ती कोलन पद्धती. १९३३ साली ती प्रसिद्ध झाली. तिचा प्रसार फार झाला नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्रमांक लांबलचक होतात, आवृत्तीगणिक नियम बदलले आणि भारतातीलच बहुसंख्य ग्रंथालये आजही ड्यूईच्या पद्धतीने चालतात. परंतु विषय अंगांमध्ये फोडण्याची कल्पना मात्र जगभर रुजली. आज संगणकावर एखादी वस्तू धुंडाळताना किंमत, रंग, आकार असे वेगवेगळे निकष लावून आपण यादी लहान करत जातो तेव्हा तीच कल्पना वापरत असतो.

रंगनाथन यांनी वीस वर्षे मद्रासच्या ग्रंथालयात काढली आणि या काळात एकही रजा घेतली नाही असे सांगतात. १९२९ साली शारदाबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला, त्या दिवशीही दुपारी ते कामावर हजर होते, अशी कथा आहे. चरित्रकारांना अशा कथा प्रिय असतात. माझे मत थोडे निराळे आहे. ज्या पेशात नाव काढण्यासाठी लग्नाच्या दिवशी कामावर यावे लागते, त्या पेशाकडे शहाणी माणसे वळणार नाहीत. असामान्य माणसाच्या त्यागावर संस्था उभी राहते, पण ती चालते सामान्य माणसाच्या वेतनावर. आणि हे स्वतः रंगनाथन यांना पुरते ठाऊक होते. आपल्यासारखेच सर्वांनी राबावे एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला त्यात त्यांचा पुढाकार होता. पुढच्याच वर्षी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले आणि लवकरच विद्यापीठाने ते आपल्याकडे घेतले. १९३० साली काशीला भरलेल्या अखिल आशिया शिक्षण परिषदेत त्यांनी ग्रंथालय कायद्याचा नमुना मांडला.

मद्रासमधील त्यांच्या सेवेचा शेवट गोड झाला नाही. प्रशासनाशी पटेनासे झाले आणि ते बाहेर पडले. १९४५ मध्ये राधाकृष्णन यांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले. तेथे सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात गेले आणि तेथे ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे संशोधन पदवी यांची घडी बसली. १९४८ साली मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. स्वतंत्र भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा, आणि रंगनाथन यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचे ते फळ होते. या कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालयासाठी छोटासा उपकर बसवला. त्यामुळे ग्रंथालयाला स्वतःचे, दरवर्षी हमखास येणारे उत्पन्न मिळाले.

येथे महाराष्ट्राचा उल्लेख अपरिहार्य आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना आणवून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले होते. कोल्हापूर संस्थानाने तर मद्रासच्याही आधी, १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता. एवढी पूर्वपीठिका असताना १९६७ साली महाराष्ट्राने जो कायदा केला त्यात उपकर नाही. आपली व्यवस्था आहे ती अनुदानाची. लोकांनी संस्था काढावी, शासनाने तिला दर्जा ठरवून अनुदान द्यावे. त्यामुळे दहा हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली हे खरे आणि लोकांच्या पुढाकाराचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु अनुदान ही दर अंदाजपत्रकाच्या वेळी नव्याने मागावी लागणारी गोष्ट आहे, आणि तिच्यातून खेड्यातील ग्रंथपालाच्या हाती जे मानधन पडते त्याला वेतन म्हणणे कठीण आहे. अशा मानधनावर कोणी ९०० अर्ज करील असे वाटत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथपालाची स्थिती त्या मानाने बरी, आणि तिचे श्रेयही रंगनाथन यांच्याकडेच जाते. १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ग्रंथपालाची पात्रता आणि वेतन अध्यापकाच्या बरोबरीचे असावे, अशी या समितीची शिफारस होती. तेहतीस वर्षांपूर्वी अध्यापकी सोडून ग्रंथपाल झालेल्या माणसाने अखेर या दोन पेशांमधली भिंत कागदोपत्री तरी पाडली. आज महाविद्यालयीन ग्रंथपालाला साहाय्यक प्राध्यापकाचीच वेतनश्रेणी आहे आणि त्याने राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी अशी अपेक्षा आहे.

त्याच सुमारास त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या बचतीचे एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि शारदाबाईंच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन करवले. ज्या विद्यापीठातून मन दुखावून ते बाहेर पडले होते त्यालाच त्यांनी ही रक्कम दिली. १९६२ मध्ये बंगलोरला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोरलाच त्यांचे निधन झाले.

पदवी परीक्षेनंतर माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांत ग्रंथालयशास्त्राचे नाव घेणारे क्वचितच असतात, आणि जे घेतात ते काहीसे ओशाळून, दुसरे काही जमले नाही तर, अशा सुरात घेतात. त्यांना मी प्रथम रंगनाथन यांचा ९०० अर्जांचा किस्सा सांगतो आणि मग एखाद्या चांगल्या चालणाऱ्या ग्रंथालयात दोन दिवस नुसते बसून येण्यास सांगतो. वाचक काय विचारतात आणि ग्रंथपाल काय उत्तर देतो एवढेच पाहायचे. अडचण येते ती असे ग्रंथालय सुचवताना. आसपासच्या कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरलेलीच नाही, आणि कपाटांच्या किल्ल्या एखाद्या लिपिकाच्या खणात असतात.